आंद्रेआस ग्रुंट्झिग: फुग्याने धमनी उघडणारा डॉक्टर, आणि स्टेंटनंतर धमनी भरून येण्याची गोष्ट

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, छातीतले दुखणे थांबले आणि चार-पाच दिवसांत तुम्ही घरी आलात. आता आजार संपला, असे वाटणे अगदी साहजिक आहे. भिवंडीत कामतघरला मी जनरल प्रॅक्टिस करतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठाण्याहून किंवा मुंबईहून स्टेंट बसवून आलेले रुग्ण बीपी-शुगर तपासायला आणि गोळ्या पुन्हा लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यांच्या घरच्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. बसवलेला स्टेंट चांगल्यातला आहे ना? आणि या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अजून किती दिवस घ्यायच्या?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. धमनी उघडायला तासभर पुरतो, पण ती आतून भरून यायला काही महिने लागतात. हे समजून घेण्यासाठी आज आपण अँजिओप्लास्टीचे जनक डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांचे आयुष्य पाहू. त्यांनी जो प्रश्न सोडवला तो तुम्हाला कळेलच, पण जो प्रश्न त्यांच्या हातून अपुरा राहिला त्याचा तुमच्या रोजच्या गोळीशी थेट संबंध आहे.

युद्धाच्या सावलीतले बालपण

ग्रुंट्झिग यांचा जन्म 25 जून 1939 रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाला. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. वडील विज्ञानाचे शिक्षक होते. युद्धात त्यांना हवाई दलाच्या हवामान विभागात जावे लागले आणि युद्ध संपले तरी ते घरी परतले नाहीत. आंद्रेआस आणि त्यांच्या मोठ्या भावाला आईने एकटीने वाढवले. 1950 मध्ये हे कुटुंब अर्जेंटिनाला गेले आणि दोन वर्षांनी परत आले. आंद्रेआस यांचे शालेय शिक्षण लाइपझिगला झाले. पुढे पूर्व जर्मनी सोडून ते पश्चिमेकडे आले, हायडेलबर्ग विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि 1964 मध्ये डॉक्टर झाले.

त्याच वर्षी, 16 जानेवारी 1964 रोजी, अमेरिकेतील पोर्टलंड शहरात एक वेगळी घटना घडली होती. 82 वर्षांच्या एका बाईंच्या पायाची रक्तवाहिनी अरुंद होऊन पाय सडायला लागला होता. पाय कापण्याचा सल्ला मिळाला होता, पण त्या तयार नव्हत्या. डॉ. चार्ल्स डॉटर यांनी त्या रक्तवाहिनीत एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून वाट मोकळी केली. पाय वाचला आणि त्या पुन्हा स्वतःच्या पायांवर चालू लागल्या.

अमेरिकेत या पद्धतीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. जर्मनीतल्या काही डॉक्टरांनी मात्र ती उचलली आणि तिथेच तरुण ग्रुंट्झिग यांनी ती पाहिली. त्यातली अडचणही त्यांच्या लक्षात आली. जाड नळी ढकलत नेली की चरबीचा थर खरवडला जातो आणि त्याचे तुकडे पुढे वाहून जाण्याची भीती असते. नळी बारीकच न्यावी आणि अडथळ्याच्या जागी पोचल्यावर तिच्या टोकाचा फुगा फुगवावा, असे त्यांच्या मनात आले.

स्वयंपाकघरातले टेबल

1969 मध्ये ग्रुंट्झिग स्वित्झर्लंडमधील झ्युरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात रुजू झाले. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि संध्याकाळी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुगे बनवायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला. पत्नी, रुग्णालयातली सहायक आणि तिचे पती मदतीला असत.

साध्या रबरी फुग्याचा इथे उपयोग नव्हता. जिथे कठीण लागते तिथे तो दबतो आणि जिथे मोकळे आहे तिकडे फुगतो. ग्रुंट्झिग यांना ठरलेल्या मापापर्यंतच फुगणारा आणि त्या मापात घट्ट राहणारा फुगा हवा होता. त्यासाठी त्यांनी फुग्यावर बारीक रेशमी जाळी गुंडाळूनही पाहिली. शेवटी हाइनरिख हॉफ या निवृत्त रसायनशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने पीव्हीसी प्लॅस्टिक वापरून पाहिले आणि ते जमले. फेब्रुवारी 1974 मध्ये हा फुगा प्रथम पायाच्या धमनीत वापरला गेला.

पायानंतर हृदयाचा विचार सुरू झाला. हृदयाच्या धमन्या तीन-साडेतीन मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि त्या अखंड हलत असतात. फुगा फुगला की तेवढा वेळ रक्तप्रवाह थांबतो. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि 1976 मध्ये अमेरिकेतील हृदयरोग परिषदेत त्यांनी ते मांडले. बहुतेकांना ही कल्पना धोक्याची वाटली.

16 सप्टेंबर 1977

त्या दिवशी झ्युरिकमध्ये ग्रुंट्झिग यांनी जागेपणी असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. रुग्ण 38 वर्षांचे होते आणि डॉक्टरांचे वयही 38 होते. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत एक छोटा अडथळा होता. काही बिघडलेच तर लगेच बायपास करता यावी म्हणून सर्जनची टीम सज्ज होती. फुगा दोनदा फुगवला, वाट मोकळी झाली, बायपासची वेळ आली नाही. दहा वर्षांनी त्या रुग्णाची अँजिओग्राफी पुन्हा झाली, तेव्हाही ती जागा उघडीच होती.

ग्रुंट्झिग यांची कामाची पद्धत इथे पाहण्यासारखी आहे. या यशानंतर त्यांनी वाटेल त्या रुग्णावर फुगा वापरला नाही. एकाच धमनीतला, छोटा आणि चुना न साठलेला अडथळा असेल असेच रुग्ण ते निवडत. 1979 मध्ये पहिल्या 50 रुग्णांचा अहवाल छापला तेव्हा 32 जणांमध्ये यश आले आणि 5 जणांना तातडीने बायपास करावी लागली, हे दोन्ही आकडे त्यांनी दिले. इतर डॉक्टरांना बोलावून त्यांच्यासमोर प्रत्यक्ष अँजिओप्लास्टी करून दाखवण्याचे वर्गही त्यांनी सुरू केले, म्हणजे चांगले-वाईट जे होईल ते सगळ्यांना दिसावे.

फुगा धमनीला काय करतो

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

फुगा चरबी काढून टाकत नाही. तो चरबीचा थर फोडतो, दाबतो आणि धमनीची भिंत ताणतो. म्हणजे वाट उघडते ती जखम करून. आपल्या धमनीला आतून पेशींचे एक नाजूक अस्तर असते. हे अस्तर शाबूत असते तोवर रक्त त्यावरून न गोठता वाहते. फुग्याने हे अस्तर सोलले जाते आणि शरीर ते भरून काढायला धावते.

यात तीन अडचणी येत. फाटलेली भिंत आत लोंबून धमनी काही तासांत बंद पडू शके. ताणलेली भिंत रबरासारखी पुन्हा आकसू शके. आणि पुढच्या तीन ते सहा महिन्यांत जखम गरजेपेक्षा जास्त भरून येई. त्वचेवर जाड व्रण उठावा तशा भिंतीतल्या स्नायूपेशी वाढून वाट पुन्हा अरुंद करत. नुसत्या फुग्याच्या काळात साधारण तीनपैकी एका रुग्णात असे होई. आपले रुग्ण महिनोन् महिने परत बोलावून तपासणाऱ्या ग्रुंट्झिग यांना हे चांगले ठाऊक होते. त्यांच्यासमोरचा न सुटलेला प्रश्न हाच होता.

अटलांटा आणि अकाली शेवट

1980 मध्ये ग्रुंट्झिग अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. त्याच सुमारास कॅन्सस सिटीचे डॉ. जेफ्री हार्ट्झलर यांनी झटका चालू असतानाच फुग्याने धमनी उघडायला सुरुवात केली. ज्या रुग्णांना ग्रुंट्झिग सावधपणे बाजूला ठेवत होते, त्यांच्यासाठीही आता हा उपचार येऊ लागला.

ग्रुंट्झिग यांना विमान चालवण्याची हौस होती. 27 ऑक्टोबर 1985 रोजी खराब हवामानात त्यांचे स्वतःचे छोटे विमान जॉर्जिया राज्यात कोसळले. ते आणि त्यांच्या पत्नी, दोघेही गेले. ते 46 वर्षांचे होते. त्यानंतर दहाच दिवसांनी, 6 नोव्हेंबर 1985 रोजी, मुंबईत अभिनेते संजीव कुमार हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ते 47 वर्षांचे होते. तोपर्यंत जगात एकाही माणसाच्या हृदयात स्टेंट बसवलेला नव्हता.

स्टेंट आला, जखमेचा प्रश्न राहिला

ग्रुंट्झिग गेल्यानंतर पाच महिन्यांनी, 28 मार्च 1986 रोजी, फ्रान्समधील तुलूझ येथे डॉ. जाक प्युएल यांनी हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसवला. स्वित्झर्लंडचे डॉ. उलरिख सिगवार्ट हेही याच कामात होते. स्टेंट म्हणजे बारीक तारांची, नळीच्या आकाराची जाळी. भिवंडीच्या माणसाला जाळी कशी असते ते सांगायला नको. ती फुग्यावर बसवून आत नेतात आणि उघडली की धमनीची भिंत आतून तोलून धरते. फाटलेली भिंत आत लोंबणे आणि धमनी आकसणे, या दोन्ही अडचणी त्यामुळे मिटल्या.

पण धातूची उघडी तार रक्ताला परकी असते. तिच्यावर गुठळी धरते. सुरुवातीच्या एका नोंदीत 105 रुग्णांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाचे स्टेंट बंद पडले होते. 1995-96 च्या सुमारास ॲस्पिरिनच्या जोडीने दुसरी गोळी द्यायला सुरुवात झाली, तेव्हा हे प्रमाण खाली आले. दोन गोळ्यांची ही जोडी म्हणजे स्टेंटचाच एक भाग आहे, असे समजा. तारांवर तुमचे स्वतःचे अस्तर चढेपर्यंत त्या गोळ्याच रक्ताला गोठू देत नाहीत.

कोणत्या स्टेंटने धमनी कशी भरते

साधा धातूचा स्टेंट: यावर औषध नसते. अस्तर तुलनेने लवकर, काही आठवड्यांत ते काही महिन्यांत चढते. पण ते थांबत नाही. स्नायूपेशी वाढत राहतात आणि साधारण चार-पाच रुग्णांत एकाची वाट पुन्हा अरुंद होते.

औषध लावलेला पहिल्या पिढीचा स्टेंट: पेशींची वाढ रोखणारे औषध तारांवर लावले तर? त्यातले एक औषध सिरोलिमस. ते ईस्टर बेटावरच्या मातीतील जंतूपासून मिळाले आणि त्याच्या शोधामागे कॅनडात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ डॉ. सुरेंद्रनाथ सहगल होते. 2002 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांनंतर साध्या स्टेंटपैकी सुमारे 26 टक्के पुन्हा अरुंद झाले होते, तर सिरोलिमसच्या स्टेंटपैकी एकही नाही. प्रश्न सुटला असे वाटले. पण औषध स्नायूपेशींबरोबर चांगल्या अस्तराचीही वाढ रोखत होते. मृत्यूनंतरच्या तपासण्यांत काही रुग्णांच्या तारा दोन-तीन वर्षांनीही उघड्याच दिसल्या. वर्ष उलटल्यावर अचानक गुठळी होण्याचे प्रकार समोर आले आणि 2006 मध्ये जगभर यावर मोठी खळबळ झाली.

नव्या पिढीचा औषधी स्टेंट: आज बहुतेकांना हाच बसतो. तारा पातळ झाल्या. पहिल्या सिरोलिमस स्टेंटची तार सुमारे 140 मायक्रॉन जाड होती, पुढच्या एव्हरोलिमस स्टेंटची सुमारे 81 मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढी. औषध धरून ठेवणारे आवरण जास्त सौम्य झाले किंवा काहींत ते विरघळून जाणारे आले. त्यामुळे वाढ आटोक्यात राहते आणि अस्तरही वेळेवर चढते.

विरघळणारा स्टेंट: दोन-तीन वर्षांत नाहीसा होणारा स्टेंट ऐकायला सगळ्यांत चांगला वाटतो. पण पहिल्या प्रकारच्या तारा जाड होत्या, गुठळीचे प्रमाण जास्त आढळले आणि 2017 मध्ये कंपनीने तो बाजारातून काढून घेतला. नवे प्रकार येत आहेत, पण ते प्रत्येकासाठी नाहीत.

झटक्यानंतरची धमनी वेगळी असते

हळूहळू अरुंद झालेली धमनी आणि झटका आलेली धमनी यांत फरक आहे. झटक्यात चरबीच्या थरावरचे पातळ आवरण फुटलेले असते. आत मऊ, लगद्यासारखा भाग असतो आणि त्यावर ताजी गुठळी असते. अशा जागी स्टेंट बसवला की त्याच्या काही तारा मऊ भागात रुततात. तिथे नवे अस्तर तयार करणाऱ्या निरोगी पेशी कमी असतात. काही तारांच्या मागे गुठळी अडकलेली असते. ती पुढे विरघळली की तार आणि भिंत यांच्यात फट राहते. शिवाय झटक्याच्या वेळी धमनी आकसलेली असते. नंतर ती सैल झाली की स्टेंट थोडा ढिला पडू शकतो. म्हणून झटक्यानंतर जखम भरायला जास्त वेळ लागतो.

धमनीत प्रकाशाचा बारीक कॅमेरा घालून तारा मोजता येतात. झटक्यानंतर 13 महिन्यांनी केलेल्या अशा एका तपासणीत पहिल्या पिढीच्या एका औषधी स्टेंटच्या सरासरी 5.7 टक्के तारा उघड्या होत्या, साध्या स्टेंटच्या 1.1 टक्के. म्हणजे तेव्हा झटक्यानंतर साधा स्टेंट बरा, असे वाटायला आधार होता.

नव्या पिढीने हे चित्र पालटले. झटका आलेल्या सुमारे 1,500 रुग्णांच्या एका अभ्यासात एव्हरोलिमस स्टेंट आणि साधा स्टेंट यांची तुलना झाली. पहिल्या वर्षात स्टेंटमध्ये नक्की गुठळी होण्याचे प्रमाण एव्हरोलिमस गटात 0.5 टक्के, तर साध्या गटात 1.9 टक्के होते. पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे 9 आणि 12 टक्के होते. त्यामुळे आता झटक्यानंतरही नव्या पिढीचा औषधी स्टेंट हीच पहिली निवड असते.

खर्चाचे म्हणाल तर फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटसाठी 7,260 आणि औषधी स्टेंटसाठी 29,600 रुपयांची मर्यादा घातली. त्यानंतर ही मर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. त्यामुळे आपल्याला स्वस्तातला स्टेंट बसवला, ही खंत बहुतेक वेळा निराधार असते. नामवंत, महाग स्टेंट बसवून गोळ्या सोडणाऱ्यापेक्षा साधा स्टेंट बसवून गोळ्या नियमित घेणारा जास्त सुरक्षित असतो.

तुम्ही काय करायचे

- झटक्यानंतर दोन गोळ्यांची जोडी (ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक) साधारणपणे 12 महिने घ्यायची असते, स्टेंट कोणताही असो. त्यानंतर एक गोळी बहुधा कायम राहते. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर हृदयरोगतज्ज्ञ मुदत कमी करतात. ते त्यांनी ठरवायचे, आपण नाही.
- दोन-तीन महिन्यांनी तलावापर्यंत चालून आलात, दम लागला नाही, म्हणून गोळी बंद करू नका. बरे वाटणे म्हणजे आतून अस्तर चढले असे नाही. ते बाहेरून कळत नाही.
- दात काढायचा आहे, मोतीबिंदूचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन ठरले आहे, तर त्या डॉक्टरांना स्टेंटची तारीख सांगा आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. टाळता येण्यासारखे ऑपरेशन पुढे ढकलता येते.
- गोळ्या परवडत नसतील तर तसे मोकळेपणाने सांगा. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय जन औषधी दुकानात मिळू शकतो. एक दिवसाआड गोळी घेणे हा पर्याय नाही.
- शौच काळी होणे, लघवीतून रक्त, थांबत नसलेला घोळणा फुटणे, असे काही झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
- डिस्चार्ज पेपरवर स्टेंटचे नाव, माप आणि तारीख यांचे स्टिकर असते. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.
- छातीत पुन्हा दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर 108 ला फोन करा आणि थेट हृदयरोगाची सोय असलेल्या रुग्णालयात जा. आधी जवळच्या दवाखान्यात बसून वेळ घालवू नका, माझ्या दवाखान्यातही नाही.
- तंबाखू, मिश्री, बिडी, सिगारेट बंद. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू. स्टेंट एका जागेची वाट उघडतो, बाकीच्या धमन्या त्याच माणसाच्या असतात.

ग्रुंट्झिग यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की छाती न उघडता हृदयाची धमनी उघडता येते. त्यांच्यानंतरच्या चाळीसहून अधिक वर्षांतले बहुतेक काम ती जखम नीट भरावी यासाठीच झाले आहे. त्या कामाचा शेवटचा भाग रुग्णालयात होत नाही. तो रोज सकाळी तुमच्या घरी, पाण्याच्या घोटाबरोबर होतो. आजची गोळी घेतली का, एवढे घरातल्या कुणीतरी रोज विचारत जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गोळ्यांत कोणताही बदल तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.)